एका लिटरला एक मिली: इसबावरचा स्टॅफ आणि बादलीतलं ब्लीच

इसबाच्या चट्ट्यावर फिरवलेला कापसाचा बोळा, म्हणजे स्वॅब, लॅबला जातो आणि दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट येतो: ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस, हेवी ग्रोथ’. खाली दहा-बारा अँटिबायोटिक्सची यादी आणि प्रत्येकासमोर ‘एस’ (औषध लागू पडतं) नाहीतर ‘आर’ (जंतू दाद देत नाही). कागद पाहून घरचे हबकतात आणि मग एकच चर्चा सुरू होते: यातलं कुठलं औषध द्यायचं? बहुतेक वेळा उत्तर असतं, कुठलंच नाही. रिपोर्ट चुकीचा नसतो, पण त्यात नवीन काही सांगितलेलंही नसतं.

इथे इसब म्हणजे अ‍ॅटोपिक डर्मटायटिस. लहानपणी सुरू होणारा, बाळांना गालांवर आणि पुढे कोपर-गुडघ्याच्या खोबणीत बसणारा, घरात कुणाला तरी दमा किंवा सतत शिंका असलेला असा तो. या आजाराच्या चट्ट्यांवर साधारण ७० टक्के लोकांमध्ये रिपोर्टातला हा जंतू, थोडक्यात स्टॅफ, सापडतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा सांगतो. त्याच लोकांच्या वरवर चांगल्या दिसणाऱ्या कातडीवरही तो ३९ टक्क्यांमध्ये मिळतो. इसब नसलेल्या निरोगी माणसांतही २० ते ३० टक्क्यांच्या नाकात तो आरामात राहतो आणि काही करत नाही. म्हणजे इसबाच्या चट्ट्यावर स्टॅफ मिळणं हे पावसाळ्यात छत्री ओली होण्याइतकं अपेक्षित आहे. जंतूची वस्ती असणं आणि जंतुसंसर्ग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्वॅब त्यांच्यातला फरक सांगू शकत नाही. तो फरक डोळ्यांनी कळतो. त्याबद्दल पुढे.

वस्ती का होते?

कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात फिलॅग्रिन नावाचं प्रथिन असतं. त्याचे तुकडे होतात, त्या तुकड्यांतून पाणी धरून ठेवणारे पदार्थ तयार होतात आणि कातडी किंचित आंबट राहते. या प्रथिनाच्या जनुकातला दोष आणि इसब यांचं नातं २००६ साली समोर आलं. फिलॅग्रिन कमी पडलं की कातडी कोरडी होते, तिच्यात बारीक भेगा पडतात आणि आंबटपणा घटतो. स्टॅफला कमी आंबट जागा मानवते. शिवाय निरोगी कातडी स्वतःच काही जंतुनाशक रेणू बनवत असते. इसबात जो दाह चालू असतो, त्याच्या संदेशांमुळे तेही कमी बनतात. आणि आपल्या अंगावर नेहमी असणारे, स्टॅफला आवर घालणारे दुसरे निरुपद्रवी जंतू मागे पडतात. इसब उसळलं की कातडीवरच्या जंतूंची विविधता घटते आणि स्टॅफ माजतो, आणि उपचार केल्यावर ती विविधता परत येते, हे २०१२ च्या एका अभ्यासात मुलांवर नीट दिसलं.

उलट बाजूने स्टॅफही स्वस्थ बसत नाही. त्याचं डेल्टा टॉक्सिन हे विष कातडीतल्या मास्ट पेशींना, म्हणजे खाज आणि सूज आणणारे पदार्थ साठवणाऱ्या पेशींना, ते पदार्थ सोडायला लावतं. त्याची विकरं (एन्झाइम) वरचा थर कुरतडतात. त्यातलं व्ही-एट हे विकर खाजेच्या मज्जातंतूंना थेट चेतवतं, हे २०२३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. खाज आली की मूल खाजवतं, खाजवलं की भेग पडते, आणि भेगेत पुन्हा स्टॅफ.

हे चक्र कुठे तोडायचं यावर सगळं अवलंबून आहे. आपल्याकडचा पहिला विचार ‘जंतू मारा’ असतो. मारता येतो, काही दिवस. पण कातडी तशीच फाटलेली आणि सुजलेली राहिली तर काही आठवड्यांत तो परत येतो. नाकातून येतो, नखांतून येतो, घरातल्यांच्या हातून येतो. दाह खाली आणला की त्याचं पोषणच तुटतं. नुसत्या स्टेरॉइड मलमाने, त्यात अँटिबायोटिकचा एक कणही नसताना, चट्ट्यावरचा स्टॅफ घटतो. दाहाचा संदेश अडवणाऱ्या डुपिलुमॅब या इंजेक्शनानेही तो कमी होतो, आणि तेही अँटिबायोटिक नाही.

पहिलं काम: मलम पुरेसं लागतंय का ते बघणं

‘मलम लावतोय पण फरक नाही’ हे वाक्य ऐकलं की ट्यूब कधी उघडली ते विचारावं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत ट्यूबमधून जितकी मलमाची रेघ बसते तिला एक पेर म्हणू. नेहमीच्या पाच मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. ट्यूबचं तोंड बारीक असेल तर तेवढ्याच लांबीत मलम कमी निघतं, हे ध्यानात ठेवावं. एक-दोन वर्षांच्या मुलाच्या एका हाताला, पंजा धरून, दीड पेर. एका पायाला, पाऊल धरून, दोन. छाती-पोटाला दोन, पाठ आणि कुल्ल्यांना तीन.

आता हिशोब करा. दोन्ही हात आणि दोन्ही पाय भरलेले असतील तर एका वेळी सात पेरं, म्हणजे साडेतीन ग्रॅम. दिवसातून एकदा लावलं तरी १५ ग्रॅमची ट्यूब चार दिवसांत संपायला हवी. ती दोन महिने पुरली असेल, तर औषध कुचकामी आहे असं म्हणण्यात अर्थ नाही. औषध लागलेलंच नाही. स्टेरॉइडची भीती आपल्याकडे खूप आहे, आणि तिला कारणही आहे: गोरं होण्यासाठी चेहऱ्यावर महिनोन्‌महिने चोपडलेल्या तीव्र मलमांनी कातडी पातळ झालेले, लाल झालेले लोक आजूबाजूला दिसतात. पण डॉक्टरांनी वय आणि जागा पाहून दिलेलं मध्यम मलम आठ-दहा दिवस पुरेशा प्रमाणात लावणं आणि ते घाबरत घाबरत तीन महिने चिमूटभर लावणं, यात दुसऱ्या प्रकाराने औषध कितीतरी जास्त दिवस लावलं जातं, आणि इसब तिथेच.

चट्टा बसल्यावर ज्या जागा वारंवार उसळतात तिथे आठवड्यातून दोन दिवस तेच मलम लावत राहण्याची पद्धत आहे. चेहरा, पापण्या, मान अशा ठिकाणी स्टेरॉइडऐवजी टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं, दाह उतरवणारं मलम वापरतात; ०.०३ टक्क्यांचं दोन वर्षांवरच्या मुलांसाठी असतं. सुरुवातीचे काही दिवस ते चुणचुणतं. चुणचुणलं म्हणून बंद करणारे बरेच असतात, तेव्हा आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मॉइश्चरायझरचं प्रमाण तर त्याहून मोठं. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ग्रॅम, मोठ्या माणसाला ५०० ग्रॅमपर्यंत लागतं. महागडी छोटी बाटली जपून वापरण्यापेक्षा साधं, बिनवासाचं, मोठ्या डब्यातलं परवडतं. पण डबा घेतला तर एक धोका असतो: खाजवलेली बोटं डब्यात जातात आणि डबाच स्टॅफचं आगर होतो. स्वच्छ कोरड्या चमच्याने बशीत काढून घ्या, उरलेलं परत डब्यात टाकू नका. पंपाची बाटली मिळाली तर उत्तम. लावताना केसांच्या दिशेने खाली ओढायचं. उलटसुलट चोळलं की केसांची मुळं बंद होतात आणि केसतोड उठतात.

ब्लीचचं पाणी

आता ज्यासाठी बरेच जण हे वाचायला आले असतील ते. २००९ साली अमेरिकेत ३१ मुलांवर एक चाचणी झाली. जंतुसंसर्गाची लक्षणं असलेली, मध्यम ते तीव्र इसबाची मुलं. अर्ध्यांना आठवड्यातून दोनदा ब्लीच घातलेल्या पाण्यात बसवलं आणि दर महिन्याला पाच दिवस नाकात म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम लावलं. उरलेल्यांना साधं पाणी आणि साधं मलम. तीन महिन्यांनी पहिल्या गटाची कातडी स्पष्टपणे सुधारली होती. गंमत म्हणजे सुधारणा हातापायांवर आणि धडावर होती, पाण्याबाहेर राहिलेल्या डोक्या-मानेवर नव्हती. तेव्हापासून ही पद्धत जगभर गेली.

पुढे तिच्याबद्दलचा उत्साह थोडा उतरला. २०१७ मध्ये उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा ब्लीचचं पाणी साध्या पाण्यापेक्षा सरस ठरलं नाही. या पद्धतीत वापरलं जाणारं ०.००५ टक्क्याचं द्रावण प्रयोगशाळेत स्टॅफला फारसं मारतही नाही. मग जो फायदा दिसतो तो कदाचित दाह आणि खाज कमी झाल्याने असावा. नंतरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मध्यम ते तीव्र इसबासाठी ‘करून बघायला हरकत नाही’ अशा सुरात तिला जागा आहे. माझं मत असं की सौम्य इसबाला याची गरज नाही. ज्या मुलाला वर्षातून तीन-चारदा पिकतं, गळवं येतात, अँटिबायोटिकचे कोर्स मोजावे लागतात, त्याच्यासाठी डॉक्टरांना विचारून तीन महिने करून बघण्यासारखी गोष्ट आहे. अगदी लहान बाळाला तर विचारल्याशिवाय नाहीच.

अडचण अशी की सगळ्या परदेशी सूचना बाथटबच्या भाषेत असतात: दीडशे लिटर पाण्यात अर्धा कप. आपल्याकडे बादली आणि तांब्या. म्हणून गणित आपलं आपण करून घ्यावं लागतं, आणि ते सोपं आहे. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचमधलं मूळ रसायन) ५ टक्के लिहिलं असेल तर एका लिटरला एक मिली. बस. वीस लिटरला वीस मिली. बाटली ४ टक्क्यांची असेल तर वीस लिटरला पंचवीस मिली, ६ टक्क्यांची असेल तर सतरा मिली. अंदाजे ओतायचं नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ५, १०, १५ मिलीच्या खुणा असलेलं झाकण असतं, किंवा सुई नसलेली १० मिलीची सिरिंज मेडिकलमध्ये मिळते. ती याच कामासाठी वेगळी ठेवा आणि तिच्यावर मार्करने खूण करा, नाहीतर उद्या तीच क्रोसिन पाजायला कुणीतरी घेईल.

बादली किती लिटरची हेही मोजावं. दुकानदार जिला वीसची म्हणतो ती काठोकाठ भरली तर वीस. आपण ती चार बोटं रिकामी ठेवतो. लिटरच्या पाण्याच्या बाटलीने एकदा मोजून पंधरा लिटरवर आतून रेघ मारून ठेवा. बादली प्लास्टिकची हवी, हायपोक्लोराइट धातू खातं.

खरी अडचण वेळेची आहे. तांब्याने अंगावर ओतलेलं पाणी काही सेकंदांत मोरीत जातं. त्याने काही होत नाही. कातडी पाण्यात पाच ते दहा मिनिटं राहायला हवी. लहान मुलासाठी बाळाचा प्लास्टिकचा टब किंवा कपडे धुवायचा मोठा टब चालतो: पंधरा लिटर कोमट पाणी, पंधरा मिली ५ टक्क्यांचं ब्लीच, हाताने ढवळून मग मूल बसवायचं. मूल आत असताना वरून ब्लीच ओतायचं नाही, आणि मुलाला टबात सोडून दार उघडायलाही जायचं नाही. मोठ्या मुलाला किंवा माणसाला सुती बनियन आणि पायजमा त्या पाण्यात भिजवून, हलका पिळून, दहा मिनिटं अंगात ठेवता येतो. फक्त हात किंवा पावलं भरली असतील तर घमेलं पुरतं. चेहऱ्यावर लागत असेल तर मऊ फडकं भिजवून, डोळे मिटून, डोळ्यांपासून दूर.

दहा मिनिटांनी साध्या कोमट पाण्याने अंग धुवा, टॉवेलने टिपा, घासू नका, आणि कातडी ओलसर असतानाच, तीन-चार मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावा. ही शेवटची पायरी चुकली तर त्या दिवशीची सगळी मेहनत उलटी पडते, कारण पाणी उडताना कातडीतलं आणखी पाणी घेऊन जातं. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. उरलेलं पाणी उद्यासाठी ठेवायचं नाही.

चुका कुठे होतात? सगळ्यात धोकादायक चूक बाटलीची. संडास साफ करायच्या बऱ्याच द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ब्लीच नसतं. नाव आणि बाटलीचा रंग पाहून घेऊ नका, मागची बारीक अक्षरं वाचा. आणि न्हाणीघराची फरशी नुकतीच त्या आम्लाने धुतली असेल तर तिथे ब्लीचची बाटली उघडायचीच नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि इसबाच्या मुलाला दमाही असण्याची शक्यता बरीच असते. वास घातलेलं, फेस येणारं, ‘थिक’ म्हणून विकलेलं ब्लीच नको. गावाकडे पाणी शुद्ध करायला टीसीएल पावडर सहज मिळते. तीही क्लोरीनचीच, पण तिच्यातलं क्लोरीन ३० टक्क्यांच्या आसपास असतं, ते ओलीत आणि जुनं होण्यात घटत जातं, आणि न विरघळलेले कण कातडीला भाजतात. ती विहिरीसाठी आहे, मुलासाठी नाही.

दुसरी चूक जुनी बाटली. हायपोक्लोराइट उन्हाने आणि उष्णतेने मरतं. मे महिन्यात गच्चीवर ठेवलेली सहा महिन्यांची बाटली नुसतं खारट पाणी झालेली असू शकते. लहान बाटली घ्या, अंधाऱ्या थंड जागी, मुलांच्या हाताबाहेर ठेवा, उघडल्याची तारीख लिहा. कडकडीत गरम पाण्यातही ते घालू नये. पाणी कोपर बुडवल्यावर ना थंड ना गरम वाटावं.

कातडी जागोजागी उघडी असेल तर हे पाणी झोंबतं. झोंबलं तर पुढच्या वेळी प्रमाण अर्धं करा किंवा चट्टे मलमाने थोडे बसेपर्यंत थांबा. तीन महिन्यांत उसळणं कमी झालं नाही तर सोडून द्या. उगाच घरादाराला ब्लीचचा वास लावून घेण्यात हशील नाही.

पाणी सुटत असेल तेव्हा

चट्टा चिघळून त्यातून पाणी सुटत असेल तर त्याच्यावर मॉइश्चरायझर टिकत नाही. तिथे जुनं पोटॅशियम परमँगनेट अजून कामाचं आहे. दहा हजारास एक असं द्रावण, म्हणजे ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चार लिटर पाण्यात. आपल्याकडे बहुधा जांभळे स्फटिक मिळतात. ते आधी काचेच्या बाटलीत थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवा, दुहेरी फडक्यातून गाळा, आणि त्यातलं थेंब थेंब करून बादलीत घाला. रंग फिका गुलाबी हवा, सरबतासारखा. जांभळा दिसला तर ते भाजेल. त्यात भिजवलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, दिवसातून एक-दोनदा, आणि पाणी सुटायचं थांबलं की बंद. साधारण दोन-तीन दिवस. चट्टा वाळल्यावरही चालू ठेवलं तर कातडी आणखी कोरडी होऊन तडकते. नखं आणि टॉवेल तपकिरी होतील. गोळ्या किंवा स्फटिक पोटात गेले तर घशाला गंभीर भाजतं, म्हणून कुलपात.

नाक, नखं, टॉवेल

नाकातला स्टॅफ काढायला २ टक्के म्युपिरोसिन दोन्ही नाकपुड्यांच्या पुढच्या भागात दिवसातून दोनदा, पाच दिवस, असा ठरलेला कोर्स आहे. त्याचा उपयोग ज्यांना सारखी गळवं येतात त्यांना. सगळ्या इसबवाल्यांना नव्हे. एकाच घरात दोघा-तिघांना गळवं येत असतील तर सगळ्यांनी एकाच आठवड्यात केलं तरच अर्थ आहे, नाहीतर एकाच्या नाकातून दुसऱ्याच्या कातडीवर फेरा चालूच राहतो. त्याच आठवड्यात चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. ट्यूब घेताना एक बघा: साध्या म्युपिरोसिनच्या मलमात बहुधा पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा आधार असतो, तो नाकात झोंबतो आणि मोठ्या उघड्या जखमांवर लावू नये, नाकासाठीच्या मलमाचा आधार पांढऱ्या पॅराफिनचा असतो.

नखं मात्र सगळ्यांनी बघावी. आठवड्यातून दोनदा कापा आणि कडा कानशीने गुळगुळीत करा. नुकत्याच कापलेल्या नखाची धार जास्त ओरखडते. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. पावसाळ्यात दमट राहिलेला टॉवेल पुन्हा वापरण्यापेक्षा जुन्या सुती पंचांचे चार तुकडे करून रोज एक घेणं सोपं पडतं.

घरातले उपाय

कडुनिंबाचा पाला पाण्यात घालणं आपल्याकडे प्रतिक्षिप्त क्रियेसारखं आहे. पाला उकळून, गाळून, एखाद-दोनदा घातला तर फार बिघडत नाही. वाटून लेप लावला की झोंबतो आणि काहींना त्याने वेगळंच पुरळ येतं. आंघोळीच्या पाण्यात झाकणभर जंतुनाशक टाकण्याची सवय मात्र सोडावी. फरशी आणि जखमेसाठी बनवलेले हे द्रव इसबाच्या कातडीला खाज आणतात, आणि काहींना त्यांची कायमची अ‍ॅलर्जी जडते.

खोबरेल तेलाबद्दल कोकणातल्या आज्या थोड्या बरोबर निघाल्या. फिलिपाइन्समध्ये ५२ मोठ्या माणसांवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्यांना घाण्याचं, न तापवलेलं खोबरेल आणि अर्ध्यांना ऑलिव्ह तेल दिलं. खोबरेलच्या गटात सुरुवातीला २६ पैकी २० जणांवर स्टॅफ होता, चार आठवड्यांनी एकाच्या अंगावर उरला. ऑलिव्ह तेलाच्या गटात सुरुवातीला १२ जणांवर तो होता, त्यातल्या ६ जणांवर तसाच राहिला. खोबरेलमधलं लॉरिक आम्ल याचं कारण मानतात. ऑलिव्ह तेल तर कातडीचा वरचा थर कमजोर करतं, असं दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं. म्हणून तेल लावायचंच असेल तर शुद्ध, बिनवासाचं खोबरेल, आंघोळीनंतर, चिघळलेली जागा सोडून. कापूर घातलेलं नको, वासाचं नको.

बाळाच्या मालीशीनंतर डाळीचं पीठ आणि साय चोळण्याची पद्धत इसब असलेल्या बाळासाठी दोन कारणांनी वाईट. पीठ घासलं की कातडी सोलते. आणि दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं: फाटलेल्या कातडीतून अन्नातली प्रथिनं आत गेली की शरीर त्यांना शत्रू मानायला शिकू शकतं. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन असलेल्या चेहऱ्याच्या साबणामुळे बऱ्याच लोकांना पुढे गहू खाल्ल्यावर अ‍ॅलर्जी होऊ लागली होती. दूध आणि हरभरा बाळाच्या पोटात जाऊ द्या, अंगावर नको. मालीशवाल्या मावशींना हे समजावणं अवघड जातं. डाळीचं पीठ लपवून ठेवणं सोपं. आंघोळीनंतरची शेगडीची धुरीही टाळा.

अँटिबायोटिक कधी?

मधासारख्या पिवळट खपल्या भराभर वाढताहेत, पुवाच्या पुळ्या उठल्या आहेत, चट्ट्याभोवतीची कातडी लाल, गरम आणि दुखरी झाली आहे, काखेत किंवा जांघेत अवधाण आलं आहे, ताप आहे, मूल मलूल आहे. अशा वेळी संसर्ग झालाय असं समजून डॉक्टरांकडे जायचं. पोटातून अँटिबायोटिक पाच ते सात दिवस लागू शकतं. स्टेरॉइड मलम त्या काळात बंद करायचं नसतं, उलट दाह उतरवायला तेच लागतं.

पण नुसतं थोडं ओलसर, थोडं पिवळं? ब्रिटनमध्ये ११३ मुलांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांचं इसब डॉक्टरांना संसर्ग झाल्यासारखं वाटत होतं, पण मुलं फार आजारी नव्हती. सगळ्यांना स्टेरॉइड मलम आणि मॉइश्चरायझर दिलं; काहींना त्याबरोबर तोंडावाटे फ्लुक्लोक्सॅसिलिन, काहींना फ्युसिडिक अ‍ॅसिडचं मलम, काहींना दोन्ही नकली. अँटिबायोटिकने काही जास्त फायदा झाला नाही. २०२१ पासून तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना ताप वगैरे नसेल तर अँटिबायोटिक सरसकट देऊ नका असंच सांगतात.

फ्युसिडिक अ‍ॅसिड लावलंच तर एक ते दोन आठवडे, त्यापुढे नाही. त्याला दाद न देणारे स्टॅफ फार पटकन तयार होतात. मेडिकलमध्ये नुसतं ‘खाजेचं मलम द्या’ म्हटलं की तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि एक-दोन अँटिबायोटिक एकाच ट्यूबमध्ये कोंबलेलं मलम समोर येतं. स्टेरॉइड मलमं खरं तर चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. असल्या मिश्रणाने इसब आठवडाभर बसतं, म्हणून लोक त्यावर विश्वास ठेवतात. बसवलं ते स्टेरॉइडने, आणि दरम्यान जंतू उरलेली औषधं पचवायला शिकले. त्यातही ते इसब नसून नायटा असेल तर तो भुईनळ्यासारखा पसरतो.

एक गोष्ट स्टॅफसारखी दिसते पण नाही. एकसारख्या आकाराचे, मसुराएवढे, मध्ये खळगा असलेले फोड किंवा छिद्र पाडल्यासारख्या जखमा अचानक घोळक्याने आल्या, खाजेपेक्षा दुखतंय जास्त, ताप आहे: हे हर्पीसच्या विषाणूचं काम असू शकतं. ब्लीच, परमँगनेट, टॅक्रोलिमस काही न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. असायक्लोव्हिर हे या विषाणूवरचं औषध जितकं लवकर तितकं बरं, आणि डोळ्याजवळ असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनीही बघायला हवं. घरात कुणाच्या ओठावर ताप-फोड उठला असेल तर त्याने इसबाच्या बाळाचा मुका घेऊ नये.

मग स्वॅब कधी करावा? अँटिबायोटिक पुरं घेऊनही पिकणं थांबलं नाही तेव्हा, वरचेवर गळवं येतात तेव्हा, किंवा रुग्ण नुकताच हॉस्पिटलमधून आला असेल आणि मेथिसिलिन गटाच्या अँटिबायोटिक्सना न जुमानणाऱ्या स्टॅफची (एमआरएसए) शंका असेल तेव्हा. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. खपलीच्या वरून नाही, कोमट सलाइनने खपली मऊ करून तिच्या खालून. जागा कोरडी असेल तर कापूस आधी सलाइनमध्ये ओला करून. गळवांची तक्रार असेल तर नाकाचाही एक. आणि लॅबच्या फॉर्मवर ‘इसब, संसर्गाची लक्षणं अमुक दिवसांपासून’ असं लिहायला सांगायचं. नाहीतर परत तेच ‘हेवी ग्रोथ’ छापून येतं.